फडक्यातली दुर्बीण

मी दुर्बीण बोलतेय. खरं तर अर्धीच. माझ्या डाव्या भिंगात बुरशी वाढली आहे, त्यामुळे त्या डोळ्याला बारा महिने धुकंच दिसतं. उजवा शाबूत आहे. माझा सगळा तोरा त्याच्याच जिवावर.

माझ्या पाठीवर 'जपान' असं कोरलंय. अक्षरं वाकडी आहेत. जास्त चौकशी करू नका. नव्वद साली कुवेतहून जीव घेऊन परतलेल्या यूनुसच्या पिशवीतून मी पेणला आले. वाटलं होतं, आता जहाजं बघायची, निदान घोड्यांच्या शर्यती तरी. यूनुसने मला शेजारच्या नमिताबाईंच्या हातात दिलं. "भाभी, माझ्या काय कामाची ही? तुमची पाखरं बघा." झालं! मी चिमण्या बघू लागले.

बाईंचे यजमान कमळाकर शाळामास्तर. "काय गो, शेजारच्या ताटात कुठला मासा पडलाय तो दिसतो काय त्यातून?" असं विचारायचे. बाई हसायच्या. दर थंडीत परसात एक राखी-पांढरा पक्षी यायचा. शेपटी अशी खालीवर आपटायचा, जसं कुणी दगडावर धुणं आपटतंय. त्याचं नावच परीट. तो दिसला की बाई हाक मारायच्या, "अहो, परीट आला!" मास्तर वह्या तपासत म्हणायचे, "हो हो, येतो." कधी उठले नाहीत.

पावसाळ्यात माझ्या डब्याला बुरशी लागली. बाईंनी जुन्या पातळाचा तुकडा फाडला, कडा शिवल्या आणि मला त्यात गुंडाळलं. पुढे मला हाताळलं की त्याच फडक्याला हात पुसायच्या.

पंचाण्णवच्या श्रावणात बाई गेल्या. चार दिवसांचा ताप.

मार्गशीर्षात, नुकत्याच निवृत्त झालेल्या मास्तरांची मोठी बहीण काशीताई रोह्याहून आल्या. "थंडीभर माझ्याकडं ऱ्हा. एकटा भात करपवत बसतोस नुसता." निघताना मास्तरांनी कपाटातून मला काढून छातीशी धरलं. माझा ऊर केवढा भरून आला! नागोठण्यापर्यंत एसटीत मी फुगून बसले होते. तिथे गाडी थांबली, तशी त्यांनी गुंडाळी वर उचलली, फडक्यात नाक खुपसलं आणि डोळे मिटून घेतले. खोबरेल तेल, थोडी हळद. बाईंचा वास. तेव्हा मला उमगलं की त्यांनी आणलं होतं ते फडकं. मी आपलं आतलं सारण.

रोह्याला ताईंच्या परसात केळी, विहीर आणि धुण्याचा दगड. ताई भावाला उन्हात बसवायच्या. पहिल्या दिवशी मास्तरांनी मला उलटं धरलं. केळी कोसभर लांब गेल्या. ते गंभीरपणे म्हणाले, "बिघडलीय."

"तुझं डोस्कं बिघडलंय," ताई म्हणाल्या आणि मला सुलटं करून त्यांच्या हातात दिलं.

मग रोजचाच क्रम झाला. आधी फडकं नाकाशी, मग ते घडी करून मागच्या दारालगतच्या खाटेवर, मग मी डोळ्याशी. बुलबुल दिसला, दयाळ दिसला. मास्तर कुणाला काही सांगत नसत.

एका सकाळी मात्र ते ताडकन उठले. धुण्याच्या दगडावर शेपटी आपटत तो उभा होता.

"ताय गो! परीट आला!"

चार महिन्यांत एवढा मोठा आवाज त्यांच्या गळ्यातून निघाला नव्हता. आता ऐका गंमत. ताईंचा खरा परीट रघू पंधरा दिवस फिरकला नव्हता. आतून धडाधड आवाज आले. चादरी, धाटावच्या कंपनीत जाणाऱ्या धाकट्या दिराची शर्ट-पँट, खाटेवर दिसेल ते सगळं बोचक्यात बांधून ताई मागच्या दारात आल्या.

"कुठं हाय तो मेला? आज सोडत नाय त्याला!"

मास्तरांनी दगडाकडे बोट केलं.

"ह्यो?" ताई म्हणाल्या. "ह्यो चादरी नेणार व्हय रे चोचीतनं?"

मास्तर हसले. हसता हसता खोकले. मी त्यांच्या गळ्यात लोंबत होते, चांगली हिंदकळले. ताईंना इतका आनंद झाला, की बोचकं आता बांधलंच आहे तर म्हणून त्यांनी सगळं धुण्याच्या सोड्याच्या घमेल्यात बुडवलं.

मग मास्तर मला गुंडाळायला खाटेकडे वळले.

खाट रिकामी होती.

त्यांनी घमेल्यातून फडकं वर काढलं. सोड्याचं पाणी गळत होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि खाली केलं. ताईंच्या तेव्हाच ध्यानात आलं. "कमळ्या… मला काय म्हायती रे. मी फडकं समजले."

"फडकंच आहे ते," मास्तर म्हणाले.

त्यांनी स्वतः ते खळबळलं, पिळलं, विहिरीपलीकडच्या दोरीवर घातलं आणि येऊन खुर्चीत बसले. बऱ्याच वेळाने मला डोळ्याशी लावलं. मला वाटलं, परीट शोधताहेत. पण त्यांनी मला दोरीवर रोखलं. माझ्या एकुलत्या एक चांगल्या डोळ्यात ते फडकं मावलं आणि उन्हात त्याची कड दिसली. लाल दोऱ्याचे टाके. वाकडे, कुठे लांब, कुठे तोकडे. पांढरा दोरा संपला असावा. रोज नाकाशी धरलेलं फडकं मास्तरांनी डोळे उघडून पहिल्यांदाच पाहिलं.

"ताय," ते म्हणाले, "बघ गो. काय भिकार शिवायची."

ताईंनी मला डोळ्याला लावलं. अर्थात उलटं. "व्हय रे," त्या म्हणाल्या.

आज अठ्ठ्याण्णव साल. दर थंडीत मी रोह्याला जाते. रघू आला की ताई सांगतात, "मिशीवाला परीट आलाय!" म्हणजे कुणी माझ्याकडे धावत नाही. फडक्याला आता फक्त उन्हाचा वास आहे. डावा डोळा पुरता गेला, उजव्यातही एक ठिपका आलाय. लवकरच मी सारणाच्याही कामाची राहणार नाही.

त्याआधी एक विनंती. तुमच्या घरात कुणी "परीट आला" म्हणून हाक मारली, तर वह्या बाजूला ठेवा आणि उठा. फक्त खाटेवर काय आहे, ते आधी उचलून घ्या.