नळाचं गाणं

नेव्यानाने आपल्या कार्यक्रमाची पोस्टरं स्वतः चिकटवली, आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या मरणाला आलेली माणसं बघायची पाळी तिच्यावर आली.

तिचं सगळं असंच, स्वतःच्या हातचं. रॅप ती स्वतः लिहायची. कपड्यांच्या कपाटाला आतून गोधड्या ठोकल्या होत्या, त्यात उभी राहून स्वतःच रेकॉर्ड करायची. टी-शर्ट छापून जुन्या गाडीच्या डिकीतून विकायची. दिवसा बल्गेरियातल्या पेर्निक शहरात एका दातांच्या डॉक्टरकडे ती कवळ्या बनवायची, त्यामुळे इस्तोक वस्तीतले निम्मे म्हातारे तिच्या हातचे दात लावून तिच्याच गाण्यांना नावं ठेवत. लग्नांत वाजणारी ठसकेबाज गाणी काढणाऱ्या सोफियातल्या एका कंपनीने एकदा तिला बोलावून घेतलं. स्कर्ट आखूड हवा, नाव निकोल हवं, शब्द आम्ही देऊ, असं त्यांचं म्हणणं.

"तुला धरून अशा दहा जणी दारात उभ्या आहेत," मालक म्हणाला.

"मग आता नऊ राहिल्या," असं म्हणून ती दुपारच्या बसने परत आली.

तिला लोक ओळखत ते एका गाण्यामुळे. ती नऊ वर्षांची असताना पोलाद कारखान्याने शेकडो माणसं घरी बसवली होती. त्यात तिचे वडील मेतोदी होते, क्रेन चालवणारे. बावीस वर्षांची झाल्यावर तिने त्यावर लिहिलं:

स्वयंपाकघरात बाप रडला नळ सोडून,
ऐकू जाऊ नये कुणाला म्हणून.
मी दाराबाहेर उभी, वय वर्षं नऊ,
पाणी काही थांबेना, आत कशी जाऊ?

गाणं टॅक्सीतून, शाळेच्या पटांगणातून, संपकऱ्यांच्या मोर्च्यातून फिरलं, आणि फिरत फिरत मेतोदी जात त्या दारूच्या गुत्त्यात पोचलं. तिथे एक जण म्हणाला, "काय मेतो, नळ बंद केलास का?" मेतोदींनी पेला खाली ठेवला आणि ते घरी आले.

"ते माझं होतं," ते नेव्यानाला म्हणाले. "तुला विकायला दिलं नव्हतं मी."

हत्यारांची पेटी उचलून ते स्तुदेना गावातल्या आईबापांच्या घरी गेले, ते तिथेच राहिले. सात वर्षं झाली. नेव्यानाची आई राइना दर रविवारी धुतलेले कपडे घेऊन जायची आणि पिशवीभर मिरच्या घेऊन यायची. मुलीचं नाव त्या घरात निघत नसे. प्रत्येक कार्यक्रमाचं तिकीट नेव्याना आईबरोबर पाठवायची आणि मेतोदी ते घड्याळाखाली ठेवायचे. येत मात्र नसत. गाणं लिहिल्याचा नेव्यानाला पस्तावा नव्हता. बाबा नाहीत याचं मात्र दुःख होतं, आणि एकाने दुसरं कमी होत नव्हतं.

या शनिवारी ती पहिल्यांदा आपल्या गावच्या मोठ्या सभागृहात गाणार होती. अर्ध्या तासाच्या बसवर असलेला माणूस यालाही आला नाही, तर यापुढे तिकीट पाठवायचं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. त्यातच आई जिन्यात घसरली आणि तिचा पाय प्लास्टरमध्ये गेला, तेव्हापासून सात रविवार स्तुदेनाची फेरी चुकली होती. हे तिकीट तिने टपालाने पाठवलं. ते कार्यक्रमानंतरच्या मंगळवारी पोचलं, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक?

गुरुवारी दुपारी ती किरोच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली. रंगीत मशीन बिघडलेलं होतं.

"काळंपांढरं चालेल का?" किरोने विचारलं.

"चालेल."

"कडेने चौकट टाकू? तयार आहे माझ्याकडे."

"टाक."

फोटोत तिने काळी टोपी ओढलेली, चेहऱ्यावर हसू नाही. वर अल्बमचं नाव, 'चाळीस दिवस', कारण तेवढे दिवस कपाटात उभं राहून तो झाला होता. खाली पूर्ण नाव, नेव्याना मेतोदिएवा, आणि वार, वेळ, जागा. इमारतींच्या दारांवर, बसथांब्यावर, लिंडनच्या झाडांच्या खोडांवर, जिथे सगळे चिकटवतात तिथे तिनेही चिकटवलं. आता तिथे सगळे काय चिकटवतात? मेलेल्यांचे कागद. काळी चौकट, फोटो, नाव, आणि वर 'चाळीस दिवस' किंवा 'एक वर्ष', म्हणजे माणूस जाऊन किती काळ झाला ते. जन्मापासून असे कागद बघत आलेल्या नेव्यानाला आपल्या पोस्टरमध्ये वावगं काही दिसलं नाही. उलट किती नीटनेटकं झालंय, असंच तिला वाटलं.

शुक्रवारी सकाळी बेल वाजली. नेव्यानाने तोंडात ब्रश घेऊनच दार उघडलं. दारात तळमजल्यावरची त्सोंकामावशी. डोक्याला काळा रुमाल, हातात मेलेल्यांच्या नावाने वाटायचे साखर घातलेले उकडलेले गहू.

"अगं बये!" मावशी भिंतीला टेकली आणि भराभर छातीवर क्रूस काढू लागली. "तू मेलीस ना?"

"कुणी सांगितलं?"

"दारावर लिहिलंय की! चाळीस दिवस झाले म्हणून. मी दोन महिने स्पेनला लेकीकडे होते, काल आले. म्हटलं, बघा, पोरगी गेली आणि मला एका शब्दाने कुणी कळवलं नाही."

नेव्याना अनवाणीच खाली धावली. दारावर तिच्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरच्या सिमोआजोबांचा कागद होता. तीच चौकट, तीच अक्षरं, तेच किरोचं दुकान. फरक एवढाच की सिमोआजोबा फोटोत हसत होते.

ती वर आली तोवर फोन सुरू झाले होते. आई स्टुलावर पाय ठेवून एकेकाला समजावत होती. "नाही हो, जिवंत आहे. दात घासतेय... हो, उद्या गाणार आहे... नाही, जेवण नाही ठेवलेलं!" फोन खाली ठेवला की पुन्हा वाजे. शेवटी ती लेकीवर घसरली. "काळ्या चौकटीत घातलंस स्वतःला? एवढी शिकलेली तू, डोळे काय गहाण टाकले होतेस?"

"आत्ता जाऊन फाडते सगळी."

"फाडू नकोस, काहीतरी लिही वर. इतक्या लोकांनी तुझं पोस्टर आजवर वाचलं तरी होतं का?"

हे खरं होतं. नेव्यानाने लाल मार्कर घेतला. प्रत्येक कागदावर 'जिवंत आहे, स्वतः गाणार' असं लिहायचं ठरवून ती निघाली. लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद. गव्हाचं भांडं आत ठेवून त्सोंकामावशीही मागोमाग उतरू लागली.

दुसऱ्या मजल्यावर खालून एक माणूस येत होता. खाली मान, लग्नातला काळा कोट, हातात लाल कार्नेशनची फुलं. त्याने मान वर केली.

ते मेतोदी होते. मुलीला बघून ते जागीच थांबले. कठड्याला धरून पायरीवर बसले आणि फुलं मांडीवर ठेवली.

"बाबा," नेव्याना म्हणाली.

"बसवाल्याने कागद पाहिला," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "त्याने दुकानात सांगितलं, दुकानवाली माझ्याकडे आली. सात रविवार तुझी आई आली नव्हती. तिला फोन केला, तर लागेना."

"सकाळपासून वाजतोय तो. बाबा, ते अल्बमचं नाव आहे. चाळीस दिवस."

"चाळीस दिवस झाले आणि मला कुणी कळवलं नाही, असं म्हणत म्हणत आलो. रागाने. मग अर्ध्या वाटेत वाटलं, का म्हणून कळवतील?"

नेव्यानाला रडू फुटलं. ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. हातात मार्कर तसाच होता.

"अशी नावं ठेवतात?" ते एकदम तिच्यावर ओरडले. "गाढव कुठली! अशी नावं ठेवतात?"

"नाही ठेवत," ती म्हणाली. "चुकलं."

वरच्या पायरीवरून त्सोंकामावशी म्हणाली, "मेतो, फुलं मोज आधी. पोरगी जिवंत आहे."

मेतोदींनी मोजली. दहा होती. सम संख्येची फुलं कबरीवर वाहायची असतात. जिवंत माणसाच्या हातात ती कुणी देत नाही. त्यांनी एक उपटून मावशीला दिलं. मग नऊ फुलं त्यांनी मुलीकडे केली, पण तिने घ्यायच्या आत ती पुन्हा आपल्याच छातीशी धरली.

"वर चला," नेव्याना म्हणाली.

सात वर्षांनी नवरा दारात उभा राहिलेला बघून राइना म्हणाली, "बूट काढ."

त्यांनी बूट काढले. "फुलांना पाणी घालतो," म्हणून ते स्वयंपाकघरात गेले आणि दार लावून घेतलं. आतून नळ सुटल्याचा आवाज आला.

मायलेकी बाहेर बसून राहिल्या. फोन वाजला तसा आईने तो बंदच करून टाकला. नऊ फुलांना किती पाणी लागतं? नळ वाहतच होता. नेव्याना उठून दाराशी गेली. या दाराशी उभं राहण्यावर तिने नाव कमावलं होतं आणि बाप गमावला होता. तिने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "जा की."

ती आत गेली. मेतोदी सिंकवर दोन्ही हात टेकून पाठमोरे उभे होते. फुलं लोणच्याच्या बरणीत होती आणि बरणी भरून वाहत होती. ती शेजारी जाऊन उभी राहिली. त्यांनी तोंड लपवलं नाही.

"गाण्यात तू स्वयंपाकघर म्हणतेस," ते म्हणाले. "ते न्हाणीघर होतं. तू लहान होतीस, विसरलीस."

म्हणजे त्यांनी ते ऐकलं होतं, नीट, शब्दन् शब्द.

"उद्या बदलून म्हणू?" तिने विचारलं.

मेतोदींनी नळ बंद केला आणि बाहीने डोळे पुसले.

"राहू दे," ते म्हणाले. "आता खरं झालं ते."