अडचणीच्या गोळ्या

मीरा रोडच्या त्या दोन खोल्यांत गणपतीच्या आधीच्या आठवड्यात शेवंतीचा पाय एका जागी ठरत नव्हता. मखर झालं होतं, रत्नागिरीहून नारळ आले होते, पण कॅलेंडरवरची लाल पेनाची खूण तिला सारखी टोचत होती. सुनेची, संचिताची, पाळीची तारीख नेमकी चतुर्थीला येत होती. अडचणीतल्या बाईने नैवेद्याला हात लावायचा नाही, आणि मोदक तर सुनेच्याच हातचे हवेत! मग शेवंतीने काय केलं? निम्म्या बिल्डिंगने केलं तेच. खालच्या मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या. डॉक्टरची चिठ्ठी कोणी मागितली नाही.

संचिता आधी नको म्हणाली होती. तिची डोकेदुखी साधी नव्हे. आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक, समोरचं माणूस अर्धंच दिसायचं, मग दोन-दोन दिवस अंधाऱ्या खोलीत उलट्या. मायग्रेन. हार्मोनची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेवंतीला हे सगळं कामचुकारीचं सोंग वाटायचं. आमची डोकी दुखत नव्हती का, म्हणायची. फडकं बांधायचं आणि कामाला लागायचं. मुलगा जितेश मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, घे ना, आठवड्याचा तर प्रश्न आहे. कटकट नको म्हणून संचिताने गोळ्या घेतल्या. कटकट नको! या दोन शब्दांपायी आपल्या लेकीसुनांनी काय काय गिळलंय, हे आपण कधी विचारलंय का?

चतुर्थीच्या सकाळी संचिता उकडीच्या पारीला कळ्या पाडत होती. चौदावा मोदक हातातून निसटला. उचलायला गेली, तर हातच उठेना.

"झालं सुरू तुझं?" शेवंती करवादली. "आजच्या दिवशी तरी डोकं धरून बसू नकोस."

संचिताने वळून पाहिलं. तोंड एका बाजूला ओघळलं होतं, आणि काही केल्या शब्द फुटेना. शेवंतीने ओरडून जितेशला हाक मारली.

रिक्षाने हॉस्पिटल गाठलं. मेंदूला झटका आलाय, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि काही गोळ्या चालू होत्या का, म्हणून विचारलं. जितेश चटकन नाही म्हणाला. बायकोच्या पाळीबद्दल चारचौघांत बोलायची त्याला लाज वाटली. संचिता नुसती सासूकडे बघत होती. गप्प राहिलं तर कोणाला कळणार होतं? शेवंतीने दाराकडे पाहिलं, घाम पुसला, पुन्हा दाराकडे पाहिलं. मग पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"मी दिल्या," ती म्हणाली. "ती नको म्हणत होती."

बाई रागावल्या नाहीत, तेच तिला जास्त लागलं. एकट्या गोळीवर खापर फोडता येणार नाही, त्या म्हणाल्या; पण चमक दिसणाऱ्या मायग्रेनमध्ये झटक्याचा धोका मुळातच थोडा जास्त, त्यात ही भर कशाला घातलीत?

वर्ष गेलं. संचिताची जीभ सुटली, उजवा हात मात्र अजून अर्धाच ऐकतो. यंदाही पाळी गणपतीतच आली. शेवंतीने उकडीची परात तिच्यापुढे सरकवली.

"आई, आज दुसरा दिवस आहे."

"माहितेय मला. बस."

डाव्या हाताचे मोदक वेडेवाकडे झाले. आरतीनंतर शेवंतीच्या थोरल्या जाऊबाई सुगंधा ते निरखत म्हणाल्या, हिची तारीख याच दिवसांत असते ना? बायकांनी कान टवकारले.

"वहिनी, पाळी चालू आहे तिची," शेवंती म्हणाली. "नैवेद्य तिनेच केलाय. ज्यांना चालत नसेल त्यांनी पेढा घ्या."

सुगंधाने पेढा उचलला. आणखी दोघींनीही. शेजारच्या संध्याने मोदक घेतला खरा, पण तो हातातच राहिला. ती शेवंतीच्या कानाशी लागली.

"काकू, आमच्या सुनेला, स्वातीलापण संचितासारखी ती चमक दिसते. आणि मी परवापासून तिला गोळी सुरू केलीय."

शेवंतीने प्रसादाचं ताट संचिताच्या हाती दिलं आणि चपला शोधायला लागली.

"चल," ती म्हणाली. "आधी तुझ्या घरी."