विमानतळावरून ओपितालकडे

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. सिडनीच्या पश्चिमेला, गिरावीनच्याही पुढे, एका यार्डाच्या कुंपणाला टेकून मी उभी असते. माझी चाके मातीत रुतली आहेत. सकाळी पांढरे काकाकुवा येतात आणि माझ्या खिडक्यांचे रबर चोचींनी सोलून काढतात. त्यांना हाकलायला कोणी येत नाही. तुम्ही कुंपणापर्यंत आलाच आहात, तर थोडे थांबा. माझ्या मनात एक गोष्ट आहे, ती तुम्हाला सांगते.

ब्रिस्बेनजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथल्या कामगारांनी माझा सांगाडा जोडला, त्यावर पत्रे बसवले, निळ्या कापडाच्या खुर्च्या लावल्या आणि मला पांढराशुभ्र रंग दिला. मी काही फार मोठी बस नव्हते. विमानतळावर उतरलेल्या लोकांना शहरातल्या हॉटेलांत पोहोचवायचे, एवढेच माझे काम. पण मला ते काम फार आवडे. दमलेले लोक आत येत, जांभया देत बसत, आणि शहरातल्या उंच इमारती दिसू लागल्या की खिडकीला नाक लावत. प्रत्येकाला वाटे की हे शहर आपणच पहिल्यांदा पाहत आहोत.

माझा ड्रायव्हर होता गुरुदत्त. तो पुण्याहून इथल्या युनिव्हर्सिटीत अकाउंटिंग शिकायला आला होता. शिक्षण झाल्यावर काही दिवसांसाठी म्हणून गाडी चालवू लागला आणि ते काही दिवस संपलेच नाहीत. त्याचे त्याला दुःख नव्हते. तो रोज माझी समोरची काच स्वतः पुसायचा आणि निघताना स्टीअरिंगला हात लावून नमस्कार करायचा.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला समुद्रात न्यू कॅलेडोनिया नावाचे बेट आहे. तिथले लोक फ्रेंच बोलतात. नूमेआ या त्यांच्या शहरातून सिडनीला विमान यायचे. कोणी खरेदीला येई, कोणी शिकायला, कोणी मोठ्या दवाखान्यात उपचारांसाठी. त्यांतल्या कित्येकांना इंग्रजी येत नसे. गुरुदत्त आपला हातवारे करून दमून जाई.

त्याची मुलगी मयूरा तेव्हा हायस्कूलमध्ये फ्रेंच शिकत होती. एका शनिवारी ती डेपोत आली आणि माझ्या पायरीवर बसून तिने बापाची शिकवणी घेतली.

"बाबा, 'ऊ आले व्हू?' म्हणजे व्हेअर आर यू गोइंग. मग ते म्हणतील ओतेल अमुक, ओतेल तमुक. ओतेल म्हणजे हॉटेल. आ गोश म्हणजे डावीकडे, आ द्र्वात उजवीकडे. आणि 'पा ल्वँ' म्हणजे लांब नाही. दॅट्स ऑल यू नीड."

"आणि ते अजून काही बोलले तर?"

"मग जस्ट से 'वी'. वी म्हणजे हो. दे लव्ह इट."

गुरुदत्तने हे सगळे पाठ केले. पहिल्यांदा त्याने "बोंझूर, मादाम, ऊ आले व्हू?" म्हटले, तेव्हा एका कुटुंबाने टाळ्या वाजवल्या. काही जण कंपनीला कळवू लागले की त्या बसचा ड्रायव्हर किती छान फ्रेंच बोलतो. मलाही अभिमान वाटे. लोक त्याच्याशी भरभरून बोलत आणि तो आरशात बघून हसत "वी, वी" म्हणत राही. बहुधा ते हवेबद्दल आणि रस्त्यांबद्दल बोलत असावेत. त्याच्या "वी"ने कोणाचे काही बिघडत नव्हते.

मग कोरोना आला. विमाने थांबली. आम्ही सगळ्या बस डेपोत एकमेकींना चिकटून उभ्या राहिलो. माझ्या इंजिनाला कित्येक दिवस ऊब मिळाली नाही. खुर्च्यांमध्ये कोणीतरी विसरलेला वास तेवढा उरला होता, आणि तोही हळूहळू गेला.

काही दिवसांनी मला पुन्हा बाहेर काढले. पण काम बदलले होते. परदेशातून येणाऱ्या प्रत्येकाला दोन आठवडे हॉटेलच्या खोलीत बंद राहावे लागे. त्यांना विमानतळावरून तिथे न्यायचे. गुरुदत्तच्या पाठीमागे जाड प्लास्टिकचा पडदा लावला. एक सोडून एक खुर्चीवर पट्टी चिकटवली. पुढे पोलिसांची गाडी असे. आत कोणी बोलत नसे. नुसते डोळे दिसत. शहरातले सिग्नल हिरवे होत, लाल होत, आणि रस्ता ओलांडायला कोणीच नसे. ज्या शहराकडे लोक खिडकीला नाक लावून पाहत, ते शहर आता आम्हाला बघून दारे लावून घेते आहे, असे मला वाटे.

त्या हिवाळ्यातली एक दुपार मी विसरू शकत नाही. नूमेआहून एक विमान आले. त्यात थोडेच लोक होते. त्यांत एक वयस्क बाई होत्या. त्यांचे नाव सोलांज, हे आम्हाला नंतर कळले. त्या दुसऱ्या रांगेत खिडकीपाशी बसल्या. मांडीवर त्यांनी एक पुरुषाचा शर्ट धरला होता, इस्त्री केलेला, घडी मोडू नये म्हणून पिशवीत घातलेला.

बस निघाली तशा त्या पुढे वाकल्या आणि मास्कच्या आडून एक लांब वाक्य बोलल्या. शेवटी त्यांनी विचारले, "ओपिताल, मस्यू?"

मास्क, प्लास्टिकचा पडदा, हीटरचा आवाज. गुरुदत्तला ऐकू आले ते "ओतेल". तो शब्द त्याच्या ओळखीचा होता. बाकीचे वाक्य त्याला कळले नव्हते. तरीही तो सवयीने हसला आणि म्हणाला, "वी, मादाम. वी, वी. पा ल्वँ."

बाईंचे खांदे सैल झाले. त्यांनी पर्समधून छोटा आरसा काढला, केस विंचरले. शर्टाच्या पिशवीवरून हात फिरवत त्या बाहेर पाहू लागल्या. इतक्या दिवसांत माझ्या आत आनंदात बसलेले ते एकच माणूस होते. मला बरे वाटले. मीही फसले, मित्रांनो.

हॉटेलच्या दारात बाकीचे उतरले. बाई उतरेनात.

"ओपिताल," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, तोडून तोडून, "ओ-पि-ताल. मों मारी."

पांढरे झगे घातलेले कर्मचारी आले. कोणीतरी फोनवर दुभाष्याला जोडून दिले. बाई फोन कानाला लावून ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता गुरुदत्तकडे पाहत होत्या. त्या रागावल्या नाहीत. ज्याने शब्द दिला होता तो माणूस हाच ना, एवढेच जणू त्या तपासत होत्या. मग शर्ट छातीशी धरून त्या उतरल्या.

डेपोत परतल्यावर गुरुदत्तने माझे इंजिन बंद केले आणि तिथूनच मयूराला फोन लावला.

"मयू, ओपिताल म्हणजे काय?"

"हॉस्पिटल. व्हाय?"

"आणि मों मारी?"

"माय हजबंड. बाबा, व्हॉट हॅपन्ड? व्हॉट डिड यू टेल हर?"

 गुरुदत्त म्हणाला, "वी म्हटलं."



आमच्या डेपोत शिफ्ट लावण्याचे काम संजीव करायचा. तो दिल्लीचा, बोलणे हिंदीत. गुरुदत्तने त्याला हॉटेलात चौकशी करायला लावली. कळले ते असे: बाईंचे पती सीमा बंद होण्याआधी एकटेच हृदयाच्या ऑपरेशनसाठी सिडनीला आले होते. बाई मागून येणार होत्या. मग विमाने थांबली. पतीची तब्येत बिघडत गेली, आणि महिन्यांमागून महिने खटपट केल्यावर बाईंना यायची परवानगी मिळाली. आता हॉटेलातून दवाखान्यात जाऊन भेटण्याची वेगळी परवानगी हवी होती. तीही मागितली होती.

ती परवानगी आली. पण त्याच दिवशी सकाळी ते गेले होते.

"गुरु भाई, तेरी गलती नहीं है," संजीव म्हणाला. "तू हाँ बोलता या ना बोलता, बस तो होटल ही जानी थी."

गुरुदत्तने मान हलवली. पण त्या दिवसापासून तो बदलला. गाडी चालवताना त्याची नजर सारखी आरशात जाई, दुसऱ्या रांगेकडे. त्या खुर्चीवर त्याने स्वतःच्या हाताने पट्टी चिकटवली. एकदा विमानतळाकडे रिकामे जाताना त्याने एकदम मला बाजूला घेतले, पडदा सारून मागे आला आणि त्या खुर्चीपाशी उभा राहिला. तिथे कोणी नव्हते. त्याने विचारले, "कोण?" आणि स्वतःच्याच आवाजाला दचकला. मित्रांनो, त्याला भास झाला असे तुम्ही म्हणाल. पण मीही ऐकले होते. अगदी हळू, मास्कच्या आडून विचारावे तसे. ओपिताल, मस्यू?

त्याने फ्रेंच बोलणे बंद केले. प्रवाशांना नुसती बोटाने जागा दाखवू लागला.

एक दिवस मयूरा त्याचा डबा घेऊन डेपोच्या फाटकाशी आली. तिला आत यायला बंदी होती, म्हणून दोघे जाळीच्या दोन बाजूंना उभे राहिले. मी जवळच होते.

"बाबा, मी फ्रेंच ड्रॉप करतेय," ती म्हणाली. "मीच तुला सांगितलं होतं ना, जस्ट से वी."

"तू नाही गं. मला ऐकू आलं नव्हतं, ते मला माहीत होतं. पुन्हा विचारायचा कंटाळा केला मी." मग तो थोडा घुटमळला. "तू सोडू नकोस. मला अजून दोन-तीन वाक्यं हवी आहेत. मला समजलं नाही, हे कसं म्हणायचं?"

मयूरा जाळीला धरून म्हणाली, "ज न कोंप्राँ पा."

तो तिच्यामागून म्हणत राहिला. घरी जाताना म्हणाला, सकाळी काच पुसताना म्हणाला.

बाईंचे दोन आठवडे संपले. पतीचे अंत्यसंस्कार झाले. परतीचे विमान मिळायला आणखी काही दिवस गेले. अखेर त्यांना विमानतळावर सोडायचे काम आमच्या डेपोकडे आले तेव्हा गुरुदत्तने ते मागून घेतले. सकाळी त्याने दुसऱ्या रांगेतली पट्टी काढली.

बाई आल्या. मास्क असूनही त्यांनी त्याला ओळखले. क्षणभर पायरीवर थांबल्या, मग आत येऊन त्याच खुर्चीवर बसल्या. या वेळी मांडीवर एक लहान लाकडी पेटी होती.  विमानतळावर गाडी थांबवून गुरुदत्त पडद्याच्या अलीकडे उभा राहिला. 

"मादाम," तो म्हणाला, "पार्दों. त्या दिवशी... ज ने पा कोंप्री." मला समजले नव्हते.

बाईंनी ऐकून घेतले. मग त्या बोलू लागल्या. वाक्य लांब होते. गुरुदत्तचे ओठ सवयीने हलले, पण त्याने ते आवरले.

"ज न कोंप्राँ पा," तो म्हणाला.

बाई थांबल्या. त्यांनी पुन्हा सांगितले, सावकाश. त्याने पुन्हा मान हलवली. मग त्यांनी बोट खाली दाखवले, "एरोपोर." ते बोट हवेतून हळूहळू शहराच्या दिशेने नेले. "ओपिताल." आणि विमानतळाच्या घड्याळाकडे पाहून खूण केली की वेळ आहे.

त्या दिवशी निघालेला प्रवास त्यांना पुरा करायचा होता.

गुरुदत्तने संजीवला फोन लावला. "संजीव, मुझे हॉस्पिटल तक जाना है. वापस शहर. एक ही पॅसेंजर है."

 संजीव म्हणाला, "जा. फ्लाइट मत छुड़वाना आंटी की."

गुरुदत्त बाईंकडे वळला. "वी, मादाम," तो म्हणाला. एकदाच.

मी विमानतळावरून शहराकडे निघाले. रस्ते रिकामे होते. प्रत्येक वळणाआधी गुरुदत्त मोठ्याने सांगत होता, आ गोश, मादाम. आ द्र्वात, मादाम. बाई खिडकीबाहेर सगळे पाहत होत्या, झाडे, बंद दुकाने, स्टेशनचा मनोरा, आणि अधूनमधून खाली पेटीकडे. आरशात पाहिले तर असे वाटावे की त्या कोणाला तरी वाट दाखवत आहेत.

दवाखान्यासमोर मी थांबले. दार उघडले, पण बाई उतरल्या नाहीत. वर कितीतरी मजले आणि कितीतरी खिडक्या होत्या.

"केल फनेत्र?" त्यांनी विचारले. गुरुदत्तला शब्द कळला नाही, तो त्याने तसा सांगितला. त्यांनी माझ्या काचेवर बोट टेकवले, मग वरच्या काचांकडे नेले. कोणती खिडकी?

"ज न से पा, मादाम," तो म्हणाला. मला माहीत नाही.

तेव्हा बाई एका टोकापासून सुरुवात करून एकेक खिडकी पाहत गेल्या. सगळ्या पाहून झाल्यावर म्हणाल्या, "बों. एरोपोर." ठीक, आता विमानतळ.

विमानतळावर उतरताना त्यांनी त्याला "मेर्सी" म्हटले. त्याला माफ केले की नाही, ते मला कळले नाही. त्यालाही कळले नसावे.

त्यानंतर काही वर्षे मी धावले. मग नव्या गाड्या आल्या आणि मला इथे आणून सोडले. गुरुदत्त आता दुसरी बस चालवतो. मयूराने फ्रेंच सोडले नाही. कधीतरी दुपारी वारा पडतो, काकाकुवा गप्प होतात, आणि माझ्या दुसऱ्या रांगेतून कोणीतरी काही विचारते. उत्तर द्यायला आता पुढे कोणी नसते.

म्हणून तुम्हाला सांगते, मित्रांनो. आमच्यासारख्या जुन्या गाड्यांची काच तुम्ही पुसली नाहीत तरी चालेल. पण एखादा परका माणूस तुम्हाला काही विचारत असेल आणि तुम्हाला कळले नसेल, तर नुसती मान हलवू नका. पुन्हा विचारा. त्याला फार वेळ लागत नाही. बाई पहिल्यांदा आल्या त्या दुपारी, विमानतळाजवळच्या मस्कॉटच्या चौकात लाल सिग्नलला आम्ही बराच वेळ उभे होतो. पलीकडून एकही गाडी येत नव्हती.