दोन पॅनेल आणि एक शनिवार

शिरीषने न्यू जर्सीत चार वर्षं काढली होती, आणि टोकियोतल्या फुनाबोरीत येऊन दोन वर्षं झाली तरी ती चार वर्षं काही संपायला तयार नव्हती. दूध उतू गेलं तरी "तिकडे ना..." आणि लिफ्ट बंद पडली तरी "तिकडे ना..." हे सुरू झालं की त्याची बायको विद्या भांडी जरा जोरात आपटायची.

सप्टेंबरात मोहनकाका बदली होऊन पुण्याला परतले आणि मंडळाला अध्यक्ष उरला नाही. मंडळ म्हणजे पाच बिल्डिंगांत विखुरलेली सदतीस मराठी घरं, बहुतेक सगळी कंपन्यांनी गेल्या तीन-चार वर्षांत कॉम्प्युटरच्या कामासाठी इथे आणून उतरवलेली. अध्यक्ष ठरवण्याची आजवरची पद्धत सोपी होती. मंडळाचं मोठं पातेलं ज्याच्या घरात मावेल, तो अध्यक्ष.

"पातेल्यावरून अध्यक्ष? शोभतं का हे आपल्याला?" शिरीष सभेत कडाडला. "रीतसर निवडणूक घेऊ. दोन पॅनेल, समोरासमोर डिबेट आणि प्रत्येक बिल्डिंग म्हणजे एक राज्य. बिल्डिंगमध्ये ज्याला जास्त मतं, त्याच्या खिशात अख्खी बिल्डिंग. तीन बिल्डिंगा जिंकल्या की खेळ खलास. तिकडे दोनशे वर्षं चाललंय!"

"चार वर्षांपूर्वी पाच आठवडे मोजत बसले होते, ते हेच ना?" विद्याने विचारलं. "आणि जास्त मतं पडली तो घरी बसला."

"तीच तर सिस्टिमची ताकद आहे," शिरीष म्हणाला. म्हणजे काय, ते त्याला आणखी विचारण्यात अर्थ नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्याला निवडणूक अधिकारी करून टाकलं.

विद्याला अध्यक्ष कोण होतो याच्याशी काडीचंही देणंघेणं नव्हतं. तिला हवा होता एक शिक्का. तिची जुई सात वर्षांची, जपानी शाळेत दुसरीत. रविवारी आजीचा पुण्याहून फोन आला की हो-हो या अर्थाने जपानीत "उन, उन" म्हणून मान डोलवायची आणि रिसीव्हर आईच्या हातात कोंबून पळायची. गेल्या महिन्यात आजीने विचारलं, "विद्या, माझा राग येतो का गं तिला?" त्या दिवशी विद्या न्हाणीघरात नळ सोडून रडली. मग डोळे पुसून तिने यादी केली. मंडळात शाळेत जाणारी एकोणीस मुलं होती. दर शनिवारी दोन तास मराठीचा वर्ग, शिकवायला ती आणि तिची मैत्रीण पद्मिनी. वॉर्डाच्या सभागृहात खोली फुकट मिळत होती, फक्त अर्जावर नोंदणी झालेल्या मंडळाचा शिक्का हवा. अर्ज पाच नोव्हेंबरच्या आत दिला तर जानेवारीपासून खोली, नाहीतर थेट पुढच्या वर्षी.

आणि शिक्का कुठे होता? निवडणूक अधिकाऱ्याच्या, म्हणजे विद्याच्याच घरात, फ्रिजवर! पण दोन्ही पॅनेलांनी आचारसंहिता म्हणून तो बिस्किटांच्या डब्यात घालून वर चिकटपट्टी मारली होती आणि पट्टीवर दोघांच्या सह्या. विद्या रोज दूध काढताना त्या डब्याकडे बघायची आणि दात-ओठ खायची.

उमेदवार दोन. परंपरा पॅनेलचे संजीव, बँकेत मोठे साहेब. प्रगती पॅनेलचा सत्यजित, विद्याच्याच बिल्डिंगमधला, प्रोजेक्ट लीडर. विद्याने दोघांनाही गाठलं.

"वर्ग? आमच्या जाहीरनाम्यात पहिला मुद्दा आहे," संजीव म्हणाले.

"वहिनी, पहिला मुद्दा!" सत्यजित म्हणाला.

विद्या हरखली. पण मग आकडेमोड सुरू झाली. दोन बिल्डिंगा संजीवच्या पक्क्या, दोन सत्यजितच्या पक्क्या. राहिली स्टेशनजवळची पाचवी, सात घरांची, जिथे सगळी नुकती लग्न झालेली जोडपी. त्यांना ना मूल ना बाळ, त्यांना हवं होतं क्रिकेट. झालं! दोन्ही जाहीरनाम्यांत पहिला मुद्दा क्रिकेट झाला, दुसरा डीजे, आणि वर्ग सरकत सरकत कागदाच्या खाली पडला. संजीव, ज्यांना जिना चढताना धाप लागायची, ते पाचव्या बिल्डिंगसमोर बॅट घेऊन फोटो काढून आले. सत्यजितने सगळ्यांना टोप्या वाटल्या. विद्याच्या बिल्डिंगमध्ये मात्र कुणी फिरकलं नाही. पक्की बिल्डिंग, तिची मनधरणी कशाला करायची?

डिबेटमध्ये विद्या उभी राहून म्हणाली, "शनिवारच्या वर्गाचं काय?" संजीव यांनी दोन मिनिटं सत्यजितच्या डीजेवर टीका केली. सत्यजितने दोन मिनिटं संजीवच्या बॅटिंगवर केली. शिरीषने घंटी वाजवून "थँक यू, पुढचा प्रश्न" म्हटलं.

"माझं मत मी कुणाला देऊ सांग," त्या संध्याकाळी विद्या पद्मिनीला फोनवर म्हणाली. "दोघांनाही नाही. चिठ्ठीवर सरळ लिहिणार आहे, शनिवारचा वर्ग. होऊ दे बाद!" ती आपली चिडून बोलली. पण पद्मिनीला काही सांगणं म्हणजे स्टेशनवर भोंगा लावण्यासारखंच होतं.

मतदान तीन नोव्हेंबरला, बुधवारी. जपानला त्या दिवशी सुट्टी होती आणि योगायोग असा की तिकडे अमेरिकेतही त्याच वेळी मतं मोजली जात होती. शिरीषच्या आनंदाला पारावार राहिला नाही. तो दर अर्ध्या तासाने घरी टीव्ही बघायला पळायचा, सभागृहात परत यायचा आणि तिकडच्या राज्यांची नावं आपल्या मुलांची असल्यासारखी कौतुकाने सांगायचा.

मत घरटी एक होतं. आता त्या घरटी एकाची गंमत ऐका. पुरुष सगळे बाहेर पार्किंगमध्ये टोळकी करून कोण कुठली बिल्डिंग मारणार याच्या चर्चेत असे गुंगले, की चिठ्ठी टाकायला प्रत्येकाने बायकोला आत पाठवलं.

अकरा वाजता शिरीषने पातेलं उघडलं. हो, मतपेटी म्हणून तेच पातेलं होतं. प्रत्येक चिठ्ठीच्या कोपऱ्यात बिल्डिंगचा आकडा होता. त्याने पहिली चिठ्ठी वाचली, "सत्यजित." दुसरी, "संजीव." तिसरी उलगडली आणि डोळ्यांजवळ नेली. अक्षर घरच्या किराण्याच्या यादीतलं होतं.

"शनिवारचा वर्ग," तो पुटपुटला. "बाद."

चौथी, शनिवारचा वर्ग. पाचवी, सत्यजित. सहावी, शनिवारचा वर्ग. मागे पद्मिनी खिदळायला लागली. विद्या आ वासून बघत राहिली. तिने आपल्या एका मतावर राग काढला होता, आणि इथे दर दोन-तीन चिठ्ठ्यांमागे तिचा शनिवार बाहेर पडत होता! संजीवच्या बायकोने खिडकीबाहेर बघण्याचं नाटक केलं. सत्यजितच्या बायकोने तेही केलं नाही.

हिशेब झाला. संजीव अकरा, सत्यजित दहा, वर्ग सोळा.

"म्हणजे आम्ही जिंकलो!" संजीव म्हणाले.

"बिल्डिंगा मोजा!" सत्यजित ओरडला. "माझ्या तीन, तुमच्या दोन. मी अध्यक्ष!"

"सोळावाल्याचं काय?" पद्मिनीने विचारलं.

"तो उमेदवारच नाही," दोघे एका सुरात म्हणाले. महिनाभरात त्यांचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट.

मग जो गोंधळ माजला तो विचारू नका. कुणी फेरमोजणी मागितली, कुणी टोप्या परत केल्या, सगळे शिरीषकडे बघायला लागले. शिरीष हातात दहाचा आणि सोळाचा गठ्ठा धरून उभा होता. जास्त मतं पडलेला घरी बसतो, ही सिस्टिमची ताकद आहे, हे वाक्य त्याच्या तोंडापर्यंत आलं आणि समोर विद्या दिसली. वाक्य गिळताना त्याला ठसका लागला.

तेवढ्यात सभागृहाचे म्हातारे व्यवस्थापक नाकामुरा-सान दारात येऊन वाकले. बारा वाजले होते. खोली परत केल्याच्या कागदावर मंडळाचा शिक्का हवा होता.

"अध्यक्ष ठरल्याशिवाय शिक्का उघडता येत नाही," संजीव म्हणाले.

"अध्यक्ष ठरलाय!" सत्यजित म्हणाला.

नाकामुरा-सान पुन्हा वाकले. बाहेर पुढच्या गटाच्या आजीबाई नाचाचे पंखे घेऊन ताटकळत होत्या.

विद्या उठली. नव्या अध्यक्षाला द्यायला शिरीषने घरून आणलेला टेबलावरचा बिस्किटांचा डबा तिने ओढला आणि चर्रकन चिकटपट्टी फाडली, दोघांच्या सह्यांसकट. शिक्का शाईत दाबून नाकामुरा-सानच्या कागदावर उमटवला. आणि मग, शाई ओली आहे तोवर, पर्समधून महिनाभर घडी पडलेला आपला अर्ज काढून त्यावरही एक उमटवला.

"विद्या!" शिरीष किंचाळला. "हे घटनाबाह्य आहे!"

"सोळा मतं आहेत माझ्याकडे," विद्या खणखणीत आवाजात म्हणाली. "तुमच्या अध्यक्षाकडे दहा. ज्याला हरकत असेल त्याने बायकोला विचारून हात वर करावा."

एकही हात वर गेला नाही. नाकामुरा-साननी दोन्ही कागद दोन्ही हातांनी घेतले, अर्ज नीट वाचला आणि खोली मिळेल म्हणाले. पद्मिनीने अशी शिट्टी मारली की पंखेवाल्या आजीबाईंनीही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी टीव्हीवर तिकडची मतमोजणी एका राज्यावर अडली होती. शिरीषने बराच वेळ बघितलं आणि टीव्ही बंद केला.

"चार वर्षं राहिलो तिकडे," तो म्हणाला. "मत नव्हतंच मला. तरी त्या दोघांतला एक आपला वाटायचा. आमच्या राज्यात कुणी फारसं फिरकायचंही नाही, पक्कं होतं म्हणून. मी टाळ्या वाजवायचो." तो हसला, पण त्याला वाईट वाटलं होतं, आणि विद्याला ते दिसलं. तिने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि शेजारी एक कागद.

"हे काय?"

"वर्गाची तोबान, कामाच्या पाळ्यांची यादी. किल्ली आणायची, सतरंज्या घालायच्या, झाडून परत करायचं. पहिला शनिवार तुझा."

"मला कुणी निवडलं?"

"कुणीच नाही. पाळी आली. दुसरा शनिवार संजीवचा, तिसरा सत्यजितचा."

शिरीषने कागद पुन्हा वाचला. खांदे हलायला लागले, मग पोट, आणि मग तो इतका हसला की चहा सांडला. विद्याही हसत सुटली.

जुई गृहपाठावरून मान वर करून दोघांकडे बघत होती. तिच्या शाळेत तोबान ही फार गंभीर गोष्ट होती.

"बाबा," ती मराठीत एकेक शब्द जुळवत म्हणाली, "किल्ली तू विसरू नको."

विद्याने हसणं थांबवलं आणि आजीला फोन लावला.