तळवे बटणावर

सीतारामच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसखाली गेली तेव्हा वेगळा असा आवाज झाला नाही. पत्रा ठोकला जाताना होतो तेवढाच झाला. शेजारच्या मशीनवरच्या बाजीरावांनी वळून पाहिलं, तर सीताराम उभा होता आणि हातमोजा साच्यातच राहिला होता, बोटांसकट.

आंबीतल्या त्या कारखान्यात गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकतात. प्रेसला दीड हाताच्या अंतरावर दोन बटणं आहेत आणि दोन्ही एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. दोन्ही हात बटणांवर असताना हात आत असूच शकत नाही. म्हणून सुपरवायझर राजेंद्रनं अहवालात लिहिलं, की कामगारानं एक बटण रबरानं बांधून ठेवलं होतं.

"खोटं हाय," समर्थ म्हणाला. तो सीतारामचा थोरला. हॉस्पिटलच्या जिन्यात त्यानं भिंतीवर बुक्की मारली, तेव्हा त्याच्या बोटांची सालं निघाली. "त्या राजेंद्रनंच मशीन जोरात चालावी म्हणून कायतरी केलं आन् आता आण्णांवर ढकलतोय. शनिवारी दुपारच्या पाळीला त्याचाच हात घालतो साच्यात. बगू काय म्हणतो ते."

"आणि त्यांनी काही केलंच नसलं तर?" त्याच्या धाकट्या बहिणीनं, कोमलनं विचारलं.

"मग कुणी केलं? आण्णांनी?"

बुधवार होता.

कोमल लोणावळ्याच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला होती. रेणुका मॅडम तिथं प्रोग्रामची पडताळणी शिकवत. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं होतं, "चाचणी म्हणजे चार वाटा चालून बघणं. मॉडेल चेकर नावाचा प्रोग्राम सगळ्या वाटा चालतो. एखादी वाट खड्ड्यात जात असेल, तर ती पावलापावलानं लिहून देतो."

कारखान्याचा इलेक्ट्रिशियन निलेश, तिच्याच शाळेतला. त्यानं प्रेसचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर दिला. "माझं नाव घेऊ नको, नायतर माझाच साचा करतील," तो म्हणाला. कोमलनं दोन रात्री बसून त्याचं मॉडेल बांधलं आणि मॉडेल चेकरला एकच प्रश्न टाकला: हात बटणांवर नसताना प्रेस खाली येऊ शकतो का?

चाळीस हजार अवस्था तपासून उत्तर आलं: नाही.

म्हणजे अण्णांनीच बटण बांधलं होतं. शनिवारी सकाळी तिनं लॅपटॉप रेणुका मॅडमपुढे ठेवला. मॅडमनी प्रोग्राम नाही, तिनं लिहिलेली गृहीतकं वाचली. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं.

"वीज गेली की कामगार बटणांवरचे हात उचलतो. हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. उचलणारच ना."

"विचार जा."

तिनं हॉस्पिटलमध्ये आईच्या फोनवर फोन लावला आणि अण्णांना मागितलं.

"न्हाई गं," सीतारामचा आवाज औषधानं जड झाला होता. "लाइट डुगडुगली की उलट दाबून धरायचं. मशीनचा दिवा विझंपतुर तळवे बटणावर. म्हंजी हात भाईर हायेत ह्याची खात्री. बाजीराव आबांनी शिकवलंय आमाला. अख्खी लाइन तसंच करती."

कोमलनं तिसरी ओळ खोडली. या वेळी उत्तर यायला चार सेकंद लागले. सात पावलांची वाट होती. दोन्ही बटणं दाबलेली असताना वीज जाते. प्रेसला उतरायला वेळ मिळत नाही, पण 'उतर' हा हुकूम प्रोग्रामच्या स्मरणात राहतो. वीज येते. हवेचा दाब हळूहळू चढतो. तोवर कामगार अडकलेला पत्रा काढायला हात आत घालतो. दाबाचा काटा पाचावर येतो आणि जुना हुकूम पाळला जातो. रोज सकाळी रीसेटची चावी फिरवल्यावर तो पुसला जाई. मधेच वीज जाऊन आली, तर पुसला जात नसे.

अण्णांनी काही केलं नव्हतं. राजेंद्रनंही नाही.

समर्थ फोन उचलेना. तळेगावपर्यंत लोकल, पुढे आंबीला टमटम. ती गेटवर पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते आणि वॉचमन खुर्चीवर नव्हता.

शेडमध्ये राजेंद्रला चौघांनी धरलं होतं. शर्ट फाटलेला, एक डोळा मिटलेला, ओठातून रक्त छातीवर आलेलं. समर्थच्या हातात लोखंडी पहार होती. बाजीराव त्याच प्रेसवर उभे होते आणि ओरडत होते, "आरं सोडा, मरंल त्यो!"

"मेन बंद कर, निलेश!" कुणीतरी ओरडलं. निलेशनं खटका ओढला. दिवा डुगडुगला. बाजीरावांचे दोन्ही तळवे सवयीनं बटणांवर गेले आणि दिवा विझेपर्यंत तिथंच राहिले.

कोमलनं ते दारातून पाहिलं.

समर्थनं पहार टाकली, राजेंद्रचं मनगट धरून त्याचा हात साच्यात दाबला. "बोल, रबर कुणी बांधलं?"

"मला नाही माहीत! लिहायला सांगितलं ते लिहिलं!"

"आबा, बाजूला व्हा. बटनाला कुणी हात लावू नका." समर्थ हसला, पण त्याचे दात वाजत होते. "निलेश, मेन चालू कर. भ्या कसं असतंय ते कळू दे जरा. बटनाबिगर काय होत न्हाई, ह्यांच्याच कागदात लिवलंय."

"चालू करू नको!" कोमल ओरडली. निलेशनं तेवढ्यात खटका वर केला होता आणि हवेचा कॉम्प्रेसर सुरू झाला होता. तिचा आवाज त्यात गेला.

काटा एकावर आला. ती धावली. राजेंद्र लाथा झाडत होता, चौघं त्याला रेटत होते. काटा दोनावर. "दादा, सोड! ते आपोआप खाली येणार आहे!"

"तू घरी जा, कोमे!"

तीन. तिनं त्याचा दंड ओढला. समर्थनं दुसऱ्या हातानं तिच्या तोंडावर मारलं. ती पडली ती पहारीवरच. काटा चारावर होता. समर्थचा पंजा राजेंद्रच्या मनगटावर, दोन्ही साच्याच्या आत.

ती उठली, पहार दोन्ही हातांनी उचलली आणि भावाच्या कोपरावर घातली. हाड मोडल्याचं तिला हातात जाणवलं. तो पाठीमागे कोसळला, राजेंद्र त्याच्यावर पडला.

प्रेस खाली आला. रिकाम्या साच्यावर. कुणाचाही हात बटणावर नव्हता.

धरणारे चौघं मागे सरकले. राजेंद्र गुडघ्यांवर आला, समर्थच्या मोडलेल्या हातावर त्यानं बुटानं एकदा मारलं, दुसऱ्यांदा मारलं. मग निलेशनं त्याला कमरेला धरून मागं ओढलं.

"आपोआप आला," बाजीराव म्हणाले. "कसा गं?"

कोमलचं नाक फुटलं होतं. तिनं बाहीनं रक्त पुसलं आणि सांगितलं. वीज जाताना बटणं दाबलेली असली की असं होतं. सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.

म्हातारा स्वतःच्या तळव्यांकडे बघत राहिला. "तीस वरसं," तो म्हणाला. "पोरांचं हात वाचावं म्हणून शिकवलं मी." त्यानं तिच्या हातातली पहार घेतली आणि डाव्या बटणावर घातली. प्लॅस्टिक उडालं. मग उजव्यावर.

कोमलनं जाऊन मेन बंद केला. बाजीरावांना तिनं अडवलं नाही. ती समर्थजवळ बसली.

"हात हलंना माजा," तो म्हणाला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. "त्याच्यासाठी मला मारलंस?"

"तुझाही हात आत होता, दादा."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.