सोबतिणीला नाही म्हणा

या मित्रांनो, बसा असे समोर. एक गोष्ट सांगतो, पण मधेच उठायचं नाही. मी एक जुना, हातात धरून खेळायचा गेम आहे. राखाडी अंग, हिरवट पडदा, दोन बटणं आणि पाठीत चार सेल. शाळा नाही शिकलो. कारखान्यात पांढरे हातमोजे घातलेल्या बायांनी जेवढं भरलं, तेवढंच डोकं मला.

जपानात शिमाच्या किनाऱ्यावर आलो तो सोडतीतून. किनुएला तांदळाची गोणी हवी होती आणि निघालो मी. चार दिवस तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

किनुए आमा होती. दम रोखून समुद्राच्या तळाशी जायचं आणि खडकाला चिकटलेल्या आवाबी शिंपल्या खरवडून आणायच्या, हा आमा बायांचा धंदा. दोन बुड्यांच्या मधे त्या किनाऱ्यावरच्या खोपटीत शेकोटीला बसतात. आमच्या खोपटीत तिघी होत्या. किनुए, तिची धाकटी बहीण मिसाओ आणि सत्तरीची फुसा आजी. अंगात ऊब येईपर्यंत करायचं काय? म्हणून मला हातात घेतलं, ते मग कुणी सोडीना.

माझ्यातला खेळ साधा. चौघांची टोळी एकामागे एक चालते. वाटेत राक्षस आडवे येतात. आपण पाळीपाळीनं हुकूम द्यायचा, मार, मंत्र म्हण, औषध दे, नाहीतर पळ. रात्र झाली की धर्मशाळेत झोपायचं, सकाळी पुढचं गाव. पहिल्या तिघांना त्यांनी स्वतःचीच नावं दिली, किनुए सगळ्यात पुढे. चौथा मांत्रिक. त्याला फुसा आजीनं आपल्या वारलेल्या नवऱ्याचं नाव दिलं, तोकुजो. तो दर लढाईत पहिला आडवा व्हायचा. आजी म्हणायची, "जिवंत होता तेव्हाही असंच करायचा." आणि तिघी हसून हसून चहा सांडायच्या.

मित्रांनो, मला इतक्या मायेनं कुणी धरलं नसेल. मिठानं भेगाळलेले हात होते ते.

मग खेळ अडला. समुद्राखाली एक गुहा आहे. तिच्या तळाशी पांढऱ्या कपड्यातली एक बाई उभी असते. ती हात पुढे करून मोती देते आणि विचारते, "घेशील का?" खाली दोन शब्द येतात, हो आणि नाही. नाही म्हटलं की ती पुन्हा तेच विचारते. हो म्हटल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. मासळीबाजारातल्या माणसानं सांगितलं, सगळे हो म्हणतात, त्यात काय एवढं.

पण आमा कशी हो म्हणेल? आभाळ भरलं असलं की पाण्याखाली कधीकधी आपल्यासारखीच दिसणारी एक बाई भेटते. तेच कपडे, तोच चेहरा. ती हसते, हातातली आवाबी पुढे करते. ती घेतली की माणूस वर येत नाही. ते लोक तिला तोमोकाझुकी म्हणतात, आपण सोबतीण म्हणू. म्हणून तर या बाया डोक्याच्या फडक्यावर जांभळ्या दोऱ्यानं चांदणी टाकतात. दोरा जिथून निघाला तिथंच परत येतो, तशी बाईही परत यावी.

तर दोन वर्षं कुणी हो दाबलं नाही. रोज गुहेत जायचं, नाही म्हणायचं आणि मागं फिरायचं.

एके दिवशी मिसाओचा कान ठणकत होता. किनुएनं तिला घरीच ठेवलं. दुपारी ढग आले. किनुए शेकोटीपाशी मला घेऊन बसली आणि आजीला म्हणाली की खेळण्याला काय घाबरायचं. तिनं हो दाबलं. दार उघडलं. तिनं सेव्ह केलं, मला फडताळावर ठेवलं आणि एकटीच पाण्यात गेली.

संध्याकाळी शिंपल्या ठेवायचा तिचा तरंगता टब किनाऱ्याला लागला. दोर नीट गुंडाळलेला. आत एकच आवाबी होती, ताटाएवढी. एवढी मोठी त्या गावात कुणी पाहिली नव्हती. ती कुणी खाल्ली नाही, आजीनं परत समुद्रात सोडली. किनुए सापडली नाही.

किनुएचा एकोणपन्नासावा दिवस, म्हणजे तिकडचं तेरावं, करून मिसाओ खोपटीत आली, बुडीचा पोशाख अंगावर चढवून. बाहेर आभाळ भरलेलं. तिनं मला चालू केलं. टोळी चालायला लागली, पण पुढची जागा मोकळी होती. मागचे तिघे त्या मोकळ्या जागेमागून चालत होते. माझ्यात असं काही भरलेलं नव्हतं, मित्रांनो. मला माझं पोट माहीत आहे.

मिसाओ थेट गुहेत गेली. पांढरी बाई तिथंच होती. चौकट उघडली, "मिसू, घेशील का?"

मिसाओला 'मिसू' म्हणायची ती फक्त किनुए.

मिसाओचा अंगठा 'हो'वर गेला. फुसा आजीनं तिच्या खांद्यावरून पाहिलं.

"नाही म्हण," आजी म्हणाली. "शंभरदा विचारू दे, शंभरदा नाही म्हण."

"आजी, ताई आहे गं ती."

"ताई? कान दुखतोय म्हणून तुला घरी बसवणारी ताई, ती तुला खाली बोलावील होय?"

मिसाओनं 'नाही'वर दाबलं. पांढऱ्या बाईनं पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. किती वेळा ते मी मोजलं नाही, पडद्यावर पाणी टपकत होतं. मग चौकटीतले शब्द बदलले.

"कान बरा झाला का?" खाली हो आणि नाही.

आजीनं मला उलटं केलं, झाकण काढलं आणि चारही सेल उपसून मुठीत धरले.

पडदा चालूच होता. 'हो'वरचा बाण लुकलुकत होता.

"ताई, मला पोरं आहेत गं," मिसाओ हळूच म्हणाली आणि तिनं 'नाही'वर दाबलं. तेव्हा कुठं मी विझलो.

त्यांनी मला किनुएच्या चांदणीच्या फडक्यात गुंडाळलं आणि बिस्किटाच्या डब्यात ठेवलं. आजी पुढं वारली. मिसाओ अजून बुडी मारते, पण फक्त लख्ख उन्हात. डबा आता कुणाकडे आहे, मला आतून कळत नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा. सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि आम्ही आतून सडतो. माझे कधीचे काढलेले आहेत. तरी ढगाळ दुपारी माझ्या पडद्याच्या उजेडानं हे फडकं आतून हिरवं दिसतं. तर एवढंच करा. मी कधी हाती लागलो, तर आधी झाकण उघडून बघा. आत सेल नसतील. आणि तरीही कुणी तुमचं घरातलं नाव घेऊन काही विचारलं, तर तिला माझ्यासाठी, मिसाओसाठी, एकदा नाही म्हणा.