शुक्रवारची कॅसेट

"टीव्हीच्या एकाच डब्यात खरं नि खोटं दोन्ही दाखवू नको तिला. ती कुठलं कुठं ठेवील?" तांदूळ निवडता निवडता जाईबाई म्हणाल्या, तेव्हा बकुळा हसली होती. सासूबाई चौथी शिकलेल्या, ही बी.ए. पिक्चरमधली भुतं म्हणजे रंग, रबर नि दोऱ्या, हे काय कुणाला सांगायला हवं?

तानीला सांगायला हवं होतं.

तानी वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यावरची. नवरा सावळ्या गोदामात हमाली करायचा, ती नारपोलीतल्या एका कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरायची. बकुळाच्या चाळीमागेच त्यांची पत्र्याची खोली. दुपारी नळावर पाण्याला आली की घटकाभर बकुळाच्या उंबऱ्यात टेकायची, सखीला मांडीवर घेऊन. सखी आणि बकुळाची कमळ, दोघी एकाच महिन्यातल्या.

बकुळाचा जीव मुळातच धास्तावलेला. झोपलेल्या कमळच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघायची. गल्लीत कुणाचं मूल खोकलं तरी ही कमळचं कपाळ चाचपायची. म्हणूनच टीव्हीवर लसीकरणाचं काही लागलं की ती आवाज वाढवायची. भिंतीपलीकडे लूम खडखडत असायचे, मांडणीतल्या ताटल्या थरथरायच्या, त्यामुळे तानीला निम्मं ऐकूच यायचं नाही. मग बकुळाच तिच्या कानाशी तोंड नेऊन समजावायची, की हा डॉक्टर, ही सुई, सुई टोचली की पोर वाचतं. "यात दाखवतात ते खरं असतं," असं तिनंच सांगितलं होतं. तानीनं ऐकलं. सुईला भिणारी तानी तीनदा तिच्यासोबत पालिकेच्या दवाखान्यात आली. आता नवव्या महिन्यातली गोवराची सुई उरली होती. बुधवारी दोघींनी जायचं ठरलं.

आणि त्याच्या आधी आला शुक्रवार.

शुक्रवारी लूम बंद. अख्खं नारपोली मुकं झाल्यासारखं वाटायचं. पिक्चर नीट ऐकू येईल असा आठवड्यातला तो एकच दिवस, म्हणून बकुळानं गुरुवारीच लायब्ररीतून इंग्रजी कॅसेट आणून ठेवलेली असायची. भुताखेतांचे, परग्रहावरच्या राक्षसांचे, प्रयोगशाळेत बिघडलेल्या माणसांचे सिनेमे तिला कॉलेजपासून आवडायचे. यादव, तिचा नवरा, चिडवायचा, पाल दिसली तर पलंगावर चढतेस आणि हे बरं बघवतं तुला. पण खोटी भीती बघताना खरी भीती तेवढा वेळ गप्प बसते, हे त्याला कसं कळावं?

त्या दुपारी पडदे ओढून तिनं कॅसेट लावली आणि तानी दारात आली. ये, बस, म्हणाली बकुळा. जाईबाई बोलल्या ते तेव्हाच, आणि तांदळाचं सूप उचलून मागच्या ओट्यावर निघून गेल्या.

सिनेमा एका डॉक्टरचा होता. तो गावातल्या पोरांना सुई टोचतो, पोरं मरतात, आणि तिसऱ्या दिवशी पांढरे डोळे घेऊन उठतात. तानीला इंग्रजी कळेना, म्हणून बकुळा सांगत गेली. त्याच जागी बसून, तसंच कानाशी तोंड नेऊन. आणि खरं सांगायचं तर तिला सांगताना रंग चढला. पिक्चरमधलं गाव बर्फातलं होतं, तिनं ते डोंगराखालचं केलं. डॉक्टर खोटं गोड बोलतो, हेही पदरचंच घातलं. तानीचे डोळे विस्फारले की हिला आणखी सुचायचं.

संपल्यावर तानीनं एकच विचारलं. "त्या पोरांच्या आया कुठं होत्या?"

"आयांनीच तर नेलं होतं त्यांना," बकुळा हसत म्हणाली आणि कॅसेट मागे गुंडाळायला लावली.

बुधवारी तानीच्या दाराला तार बांधलेली होती. शेजारची गोदूबाई म्हणाली, "गेली पोरीला घेऊन गावाला. सुई टोचली का पोरगी डोले पांढरे करते म्हन. टीव्हीत बघलंय म्हन तिनं."

बकुळानं कमळला टोचून आणलं. घरी येऊन तिला छातीशी धरून बसली, आणि पहिल्यांदाच त्या पोरीचा श्वास बघवेना. जाईबाई तांदळाचं सूप घेऊन मागच्या ओट्यावर गेल्या.

पुढच्या आठवड्यात कमळला सासूबाईंकडे ठेवून ती वज्रेश्वरीच्या एसटीत बसली. गरम पाण्याच्या कुंडांच्या पुढे विचारत विचारत पाड्यावर पोचली. दोन घरांच्या दाराला कडुलिंबाचे डहाळे खोचलेले होते. गोवर आलेली घरं. तानी तिसऱ्या घरासमोर सखीला पदराखाली घेऊन बसली होती.

बकुळानं हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले. सगळं सांगितलं, रंग, रबर, दोऱ्या. ते नाटक होतं, तानी, ते खोटं होतं.

"मंग आधीचं, सुईचं?"

"ते खरं."

तानी तिच्याकडे बघू लागली. रागानं नाही; गर्दीत चुकलेलं माणूस अनोळखी चेहऱ्याकडे बघतं तशी. "डबा त्योच," ती म्हणाली. "सांगनारी बी तूच."

पोरीच्या अंगावर नजर पडू नये तसा तिनं पदर ओढून घेतला. बकुळा संध्याकाळच्या गाडीनं परत आली. दुसऱ्यांदा गेली तेव्हा ते घर रिकामं होतं. सावळ्या आणि तानी कुठल्याशा वीटभट्टीवर गेले होते, पोरगी बरोबर होती की नाही, ते सांगणारा नीट सांगेना.

याला आता चार वर्षं झाली. व्हीसीआर माळ्यावर आहे. कमळ बालवाडीत जाते, आणि तिच्या वर्गात हजेरी घेताना बाई नावं वाचतात तेव्हा बकुळा फाटकाशी उगाच थांबते.

तुमचं वज्रेश्वरीला जाणं होत असेल. कुंडात अंघोळ करून परतताना आजूबाजूच्या भट्ट्यांवर जरा थांबा. कपाळावर तीन ठिपक्यांचं गोंदण असलेली, उंच, कमी बोलणारी बाई दिसली, तर तिच्याजवळ पाच वर्षांची पोर आहे का ते बघा. पोरीच्या डाव्या भुवईत खोक पडल्याची खूण आहे. बकुळाचं नाव घेऊ नका, डॉक्टरचं तर नकोच. फक्त हाक मारा, सखी म्हणून. कुणी ओ दिली का, तेवढं येऊन सांगा.